दर रविवारचा प्रश्न

डोळ्यांत थेंब घातलेले म्हातारे नवरा-बायको डोळे मिटून बाकावर बसले होते. डोळे मिटले की माणसं जरा मोठ्यानंच बोलतात, हे डोळ्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरला सरावानं ठाऊक होतं.

“त्या विकलेल्या ब्लॉगपायी डोळे फोडून घेतलेत तुम्ही.”

“अगं, नवा मालक वाचकांचे जुने प्रश्न पुसून टाकणार आहे. तेवढे वहीत उतरवून घेतोय.”

“मग प्रिंट काढा की!”

“काढली. नुसत्या जाहिरातीच छापून आल्या.”

“सात ब्लॉग उभे केलेत, सातही विकलेत. बाकी सहांची नावंसुद्धा आठवत नाहीत तुम्हाला. या रेडिओ-दुरुस्तीच्या ब्लॉगातच एवढा जीव का अडकलाय?”

“तो पहिला. वर्षभर काळं कुत्रं फिरकलं नव्हतं तिकडे. एकच बाई दर रविवारी प्रश्न विचारायची. तिला उत्तर द्यायचं म्हणून लिहीत गेलो, नाहीतर पहिल्याच महिन्यात गाशा गुंडाळला असता.”

“असेल कुणीतरी रिकामटेकडी.”

“तिचा रेडिओ सारखा खरखरायचा. का, तर कुकरची वाफ आत जायची.”

“जाते हो कुणाकुणाच्या.”

“कुकरच्या डोक्यावर फळी ठोकून रेडिओ ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.”

बायकोनं मिटल्या डोळ्यांनीच नवऱ्याकडे मान वळवली.

“माहीत होतं, तर तेव्हाच बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तू विचारणं सोडलं असतंस.”