घरात बसून ऐकलेला भोंगा

दोन आखूड आणि एक लांब, असा माझ्या ट्रकचा भोंगा होता. चहा पिताना अजूनही तो मधूनच कानात वाजतो.

चिंचोटीला आमचं घर हायवेला लागूनच. वसईतल्या वसईत चालवायला टेम्पो मिळत होता, पण मी दिल्लीची गाडी धरली. जाता-येता घरी उतरायला वेळ नसायचा. मग लांबूनच भोंगा वाजवायचो. माझी लेक सुमन पाण्याची बाटली घेऊन कुंपणापाशी धावत यायची. मी गाडी कडेला घ्यायचो, बाटली घ्यायचो, तिच्या डोक्यावर हात ठेवायचो आणि निघायचो.

एकदा तापाने आजारी पडलो. गाडी बदली ड्रायव्हरकडे दिली आणि घरीच ओटीवर पडून राहिलो. बायको म्हणाली, "आता तरी टेम्पो घ्या. पोरीला बाप नको का?"

मी हसलो. "अगं, माझा भोंगा ती झोपेतपन ओळखते!"

तेवढ्यात हायवेवर तोच भोंगा वाजला. आतून सुमन बाटली घेऊन माझ्या अंगावरूनच धावली.

"आये, बाबा आला! बाबा आला!"

"सुमे, अगं मी हितंच हाय!"

ती कुंपणापर्यंत गेलीच. बदली ड्रायव्हरने गमतीने हात हलवला आणि गाडी पुढे गेली. सुमन बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग परत आली, बाटली माझ्या उशाशी ठेवली आणि आत निघून गेली.