शांतता शोधायला गेलो तेव्हा

शांतता म्हटलं की मला हल्ली धडकीच भरते. का ते ऐका. शहरातल्या इंदिरानगरच्या गोंगाटाला कंटाळून आमचे हे मला आणि मुलांना सुट्टीत पेठकडच्या एका माळावरच्या गावात घेऊन गेले. मुक्काम घरी पाहुणे ठेवणाऱ्या बायजामावशींकडे. तिथली शांतता ह्यांना पहिल्या संध्याकाळीच सहन होईना.

मग रोज भटकंती. धबधबा बघायला गेलो, तो आटलेला. किल्ला ह्यांनी पार्किंगमधूनच सर केला. परत आलं की अंगणात मोठ्ठा स्पीकर लावून अंताक्षरी. हे म्हणायचे, आपला शीण जायला नको का? गावाचं गाव बघेल.

मावशी बिचाऱ्या रोज आमचे डबे भरायच्या. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "मावशी, आज तुम्हाला फिरवतो. कुठे जायचं?"

"तुमचं घर दावा की."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. सुट्टीतली शेवटची सहल, तीही स्वतःच्याच फ्लॅटमध्ये! पण शब्द दिलेला. आलो. दार उघडताच मुलं मोबाइल घेऊन आपापल्या कोपऱ्यात गडप. हे सोफ्यावर आडवे. मी चहा टाकला.

मावशी गॅलरीत बसल्या. खाली हॉर्न, समोर बांधकामाची खडखड.

हे आतून म्हणाले, "ऐकलात ना मावशी गोंगाट? म्हणून तर तुमच्याकडे येतो आम्ही."

मावशींनी बशीतला चहा निवांत संपवला.

"नाय वो, आज कुठं डोकं शांत झालं माझं. आपल्या घरात तुमी लय गुणाची माणसं हाय. सुट्टीबी हितंच घालवत जा."