भट्टीत तापवलेलं इंजिन

"गाडी न बघताच तुम्ही कागदावर 'भंगार' लिहिलंत!"

स्फाक्स शहरातल्या एका वाहन कचेरीच्या खिडकीत मुनजियाने कागद आपटला. मागे रांगेत उभी असलेली सालिहा आपलं काम विसरून ऐकू लागली.

"मावशी, तुमच्या इंजिनवाल्या सायकलचा पिस्टन जाम होता," खिडकीमागचा कारकून म्हणाला.

"होता. मी घरी सगळं खोललं, नवा घातला."

"आणि बेअरिंग?"

"रोटीच्या भट्टीत केसिंग, म्हणजे इंजिनाचं कवच, तापवलं; ते फुगलं आणि बेअरिंग अलगद आत बसलं."

"भट्टीत?"

"रोटीला ग्रीसचा वास येतो म्हणून नवरा आठवडाभर कुरकुरला. आता त्यालाच मासळी विकायला हीच गाडी हवीय."

"गाडी रस्त्यावर आणायच्या शिक्क्यासाठी दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकचं नाव लागतं."

"लिहा, मुनजिया."

"बाई मेकॅनिक?"

"दारात गाडी चालू ठेवलीय, आवाज ऐका. आता सांगा, शिक्का मारता की नाही?"