व्याह्यांसाठी केलेला बार

तुमचे मालक परवडले रे! आमच्या शेठसारखा दीडशहाणा अख्ख्या खेड तालुक्यात शोधून सापडायचा नाही. खाणीत सुरुंग कुठे आणि कसे भरायचे ते मी ठरवतो. माझा बार उडाला की नुसतं धप्प होतं आणि दगडाचा अख्खा टप्पा फुटून खाली बसतो. शेठला ते कायम फुसकं वाटायचं.

त्या दिवशी मुंबईहून त्याचे होणारे व्याही आले होते. शेठ मला म्हणतो, "आज जरा दणका होऊ दे. कोणाशी सोयरीक करतायत ते पावण्यांना कळू दे!"

म्हटलं, "शेठ, आवाज झाला म्हणजे जोर हवेत गेला. सुरुंगाच्या भोकाच्या तोंडाशी दगडाची चुरी ठासून भरली, की तोच जोर दगड फोडतो."

"मला शिकवू नका!"

मी माणसं लांब पाठवायला गेलो, तेवढ्यात या शहाण्याने कामगारांना चुरी निम्मीच भरायला लावली. मला पत्ताच नाही. भोंगा वाजवला, बार उडवला.

काय तो आवाज! दगड पार क्रशरपर्यंत उडाले. पावण्यांच्या नव्या गाडीचं टप आत गेलं. धुरळा बसल्यावर बघतो, तर टप्पा जसाच्या तसा उभा!

आणि शेठ कानातली बोटं काढून व्याह्यांना विचारतो, "कसा काय वाटला?"

व्याही आडोशातून बाहेर आले. त्यांनी गाडीकडे बघितलं, टप्प्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, लग्नात फटाके नकोत हां."