अंतोनीच्या हातातलं बाळ

फादर : नाही दोन्या तोमासा, आधी बाळ द्या, पेज मग. तुमच्या हातचं काही प्यालो की मला तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

मी : मग पिऊ नका. राहा तसेच दारात उभे. कोंबड्या आत येतायत तेवढ्या हाकला, म्हणजे काहीतरी उपयोग होईल तुमचा.

फादर : संध्याकाळची घंटा व्हायच्या आत मला संत अंतोनीची मूर्ती डोलीत बसवायचीय. उद्या सण आहे त्याचा. आणि त्याच्या हातात बाळ येशू नाही. रिकामा हात पुढे करून उभा आहे बिचारा, बाजारातल्या भिकाऱ्यासारखा.

मी : राहू दे. कळू दे त्याला रिकामा हात कसा असतो.

फादर : म्हणजे तुम्हीच नेलंत.

मी : मी असं कुठं म्हटलं?

फादर : सगळ्या गावाला माहीत आहे.

मी : मग गावानं यावं विचारायला! मला मानानं दोन्या म्हणतात, मग तुम्हाला पुढं केलं होय? शहरातनं आलेलं पोर, मिशी अजून धड फुटली नाही. गावात बाप्ये उरले नाहीत का?

फादर : बाप्ये वर खिंडीत आहेत, लाकूडचोरांचे ट्रक अडवायला पहाऱ्यावर. त्यांच्याचसाठी तर मक्याच्या पिठाचे हे कोरुंदा बांधताय तुम्ही.

मी : मग बांधू द्या ना. ओदिलिया, पानं सरकव इकडं. आणि हे काय, कोपरा उघडा राहिलाय. अशी वाफेवर ठेवलीस तर सगळं पीठ पाण्यात जाईल. मक्याचं पान बाहेरनं आत दुमडायचं, किती वर्षं सांगतेय.

ओदिलिया : दुमडते.

मी : बघा, ही माझी सून. नवरा नेला त्या दिवसापासून एका शब्दाच्या पुढं गाडी जात नाही.

ओदिलिया : बोलून काय होतंय, आई.

फादर : एव्हेलियोसाठी मी रोज मिस्सा वाहतो, ओदिलिया. एकही दिवस चुकवलेला नाही.

मी : वाहा की. माझी तक्रार नाही. पण मिस्सा म्हणजे विनंती, फादर हासिंतो. विनंती करून करून माझे गुडघे बघा कसे झालेत, तव्याच्या बुडासारखे. म्हणून मग मी सरळ व्यवहार केला. अंतोनीला म्हटलं, तुझं लेकरू माझ्याकडं. माझं आणून दे आणि तुझं घेऊन जा.

फादर : ही अंधश्रद्धा आहे.

मी : हो का? पोरीला नवरा मिळेना म्हणून बाया हेच बाळ पळवतात, तेव्हा तुम्ही गालातल्या गालात हसता. माझ्या आईनं कालवड हरवली तेव्हा नेलं होतं. कालवड आपल्या पायांनी आली परत. म्हणजे कालवडीसाठी चालतं आणि लेकासाठी अंधश्रद्धा?

फादर : देवाशी असा सौदा होत नसतो. देवानं तर स्वतःहून आपला पुत्र दिला...

मी : दिला! आणि तिसऱ्या दिवशी परत मिळाला त्याला. मला पण द्या तिसऱ्या दिवशी परत, मग बघा मी किती मोठ्या मनाची होते ते. ईस्टरच्या आठवड्यात नेलाय माझा पोरगा. लाकूडचोरांनी, भर दिवसा, जंगलातल्या वाटेवरनं. आता मका कमरेला लागला. सांगा ना, हा कितवा दिवस?

फादर : मी बाळ न्यायला आलोय, दोन्या तोमासा.

मी : मग पेज घ्या आणि जा.

फादर : नाबोरची बायको आली होती काल. वरच्या वाडीवरून, तान्हं घेऊन. पोर तापानं फणफणलेलं. बाळ येशूच्या पायाला त्याचं कपाळ टेकवायचं होतं तिला. तिनं अंतोनीचा रिकामा हात पाहिला आणि मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, इथूनही नेलं का त्यांनी?

मी : कुणी?

फादर : लाकूडचोरांनी. तिला वाटलं त्यांनीच नेलं.

मी : मग तुम्ही काय सांगितलंत?

फादर : काय सांगणार? गप्प बसलो. ती परत जाताना खिंडीतून गेली आणि तिथं तेच सांगत गेली. आता पहाऱ्यावरचे म्हणतायत, देवळात शिरून देवाचं पोर नेलं, तर आपण इथं शेकोटी पेटवून कुणाला राखतोय? आज सकाळी दोघंजण उठून घरी गेले.

मी : कोण दोघं?

फादर : ते महत्त्वाचं नाही.

मी : नावं सांगा. एक तो सेनोबियो असणार. त्याच्या लग्नात मी डुक्कर दिलं होतं.

फादर : दोन्या तोमासा, उद्या आणखी चारजण जातील. मग खिंड मोकळी. मग ट्रक वर जातील आणि एक पाइनचं झाड उभं राहणार नाही. ज्याच्यापायी एव्हेलियोला नेलं, तेच जाईल.

मी : ते मला शिकवू नका. त्यांचा निरोप आला ना, पहारा उठवा आणि माणूस घेऊन जा, तेव्हा अख्खं गाव चौकात जमलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. कारण मी म्हटलं असतं उठवा, तर उठवला असता त्यांनी. पहिला हात मी वर केला. म्हटलं, पहारा उठणार नाही. आईनं म्हटलं! असा हात केला वर.

ओदिलिया : मी बघत होते.

मी : काय?

ओदिलिया : तुमच्या बाजूलाच उभी होते. तुमच्या हाताकडं बघत होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत.

मी : तुझ्याकडं बघितलं असतं तर हात वर गेला नसता गं.

ओदिलिया : मला विचारलं नाहीत.

मी : काय विचारायचं होतं? माझा लेक तो.

ओदिलिया : माझा नवरा. विचारलं असतंत तरी मी हातच वर केला असता, आई. पण विचारायला हवं होतं.

मी : आत्ता बोलतेस हे? फादरसमोर?

ओदिलिया : तुम्हीच म्हणालात मी बोलत नाही. बाळ कुठं ठेवलंय?

मी : का?

ओदिलिया : कुठं आहे?

मी : तुला काय करायचंय? आहे सुरक्षित.

ओदिलिया : माळ्यावर. शिडी हललेली दिसली मला. कणसांच्या मागं आहे, हो ना?

मी : ओदिलिया, चढू नकोस. अगं ती तिसरी पायरी मोडलीय. ओदिलिया! फादर, धरा तरी ती शिडी, नुसते बघताय काय?

(ओदिलिया वर गेली. बराच वेळ कणसं सरकवल्याचा आवाज. मग एका हातानं शिडी धरत ती खाली आली आणि हातातलं आमच्यासमोर पिठाच्या पाटावर ठेवलं.)

ओदिलिया : हे काय आहे?

मी : काय म्हणजे काय? बाळ.

ओदिलिया : हात बांधलेत त्याचे.

मी : घरंगळत होतं. कणसं गोल असतात, एकदा घरंगळून खाली आलं असतं तर बोट मोडलं असतं. म्हणून बांधलं.

ओदिलिया : तोंडावर फडकं.

मी : उंदीर असतात वर. नाक कुरतडलं असतं.

ओदिलिया : आणि वरनं पोतं टाकलं होतंत.

मी : मग काय उघड्यावर ठेवू? गावाला दिसायला?

फादर : ओदिलिया, माझ्याकडे दे ते. मी सोडवतो.

ओदिलिया : तुम्ही थांबा, फादर. हात लावू नका. आई, मी डोळे मिटले की मला हेच दिसतं. हात बांधलेले. तोंडावर फडकं. अंधार. मी रोज देवाला सांगते, निदान तोंड तरी मोकळं ठेवू दे त्याचं, निदान श्वास तरी घेऊ दे. आणि हे माझ्या डोक्यावर होतं. मी खाली झोपत होते.

मी : लाकडाचं आहे गं ते.

ओदिलिया : लाकडाचं असेल तर त्याच्या बदल्यात माणूस कसा मागता? आणि लाकडाचं नसेल तर त्याला बांधलं कसं?

फादर : दोन्या तोमासा...

मी : तुम्ही काही बोलू नका.

फादर : मी बोललो नाही.

मी : बोलणार होतात. तोंड उघडलं होतंत. काय गं, म्हणजे ते लाकूडचोर आणि मी एकच, असं म्हणायचंय तुला?

ओदिलिया : मी काही म्हणत नाही. नाबोरची बायको म्हणाली.

मी : मग काय करू मी? सांग ना! गुडघे झाले, मेणबत्त्या झाल्या, पोलिसांच्या दारात बसून झालं, त्यांनी मला खुर्चीसुद्धा दिली नाही. रडता मला येत नाही, आणि आलं तरी रडणार नाही, सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघून टिकलंय. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती. ही दिली की माझ्याकडं काय राहिलं?

फादर : काही नाही.

मी : वा! हे शिकायला सेमिनरीत गेला होतात?

फादर : तुम्हाला खोटं सांगून पटणार नाही. खरं सांगतो. उद्या मी डोली खिंडीपर्यंत नेणारच नव्हतो. देवळाच्या आवारातच फिरवणार होतो, दारं लावून. त्यांचे ट्रक वळणावर उभे असतात. मला भीती वाटते. म्हणून मला बाळ लवकर हवं होतं, उद्या सकाळीच सगळं उरकावं म्हणून.

मी : बघ ओदिलिया. पहिल्यांदा हा माणूस माणसासारखा बोलला. बसा. तिथं नको, तो स्टूल हलतो. आता मी विचारते ते सांगा. प्रवचन नको. मला वाचायला येत नाही, तुम्हाला येतं.

फादर : विचारा.

मी : मरियेचा पोरगा धरून नेला तेव्हा तिनं काय केलं?

फादर : शुभवर्तमानात फार लिहिलेलं नाही.

मी : जेवढं आहे तेवढं सांगा.

फादर : ती क्रूसाजवळ उभी होती.

मी : पुढं?

फादर : एवढंच. उभी होती.

मी : ओरडली नाही?

फादर : लिहिलेलं नाही.

मी : शिपायांच्या पाया पडली? काहीतरी देते म्हणाली? केस उपटले?

फादर : यातलं काहीच लिहिलेलं नाही.

मी : खाली पण बसली नाही?

फादर : नाही. उभी होती.

मी : एकटी?

फादर : आणखी बाया होत्या. तिची बहीण. मग्दालेना मरिया.

मी : आणि बाप्ये?

फादर : एक होता. बाकीचे पळून गेले होते.

मी : ते लिहायला नको होतं, ते आम्हाला न वाचता कळतं. पण हे कुणी सांगितलं नाही मला एवढ्या वर्षांत. आम्हाला आपली ती मूर्ती दाखवतात, काळजात सुऱ्या खुपसलेली, गालावर काचेचे अश्रू. मला वाटायचं, ही बाई माझ्या जातकुळीची नाही. हिला रडायला येतं, मला येत नाही, मग हिच्यासमोर काय तोंड उघडायचं? उभं राहणं... उभं राहायला मला येतं.

फादर : त्यानं पोरगा सुटला नाही तिचा.

मी : ठाऊक आहे. मी अडाणी आहे, मूर्ख नाही. आण इकडं ते, ओदिलिया. तुझ्या बोटांनी नाही सुटायची, मी गुराला बांधतात तशी गाठ मारलीय.

ओदिलिया : विळीनं कापू का?

मी : नको नको. विळी नको त्याच्या अंगाजवळ. सुटेल. हं... सुटली बघ. अरे देवा.

ओदिलिया : काय झालं?

मी : मनगटाचा रंग गेलाय. दोरीचा वळ उठलाय.

ओदिलिया : चोळू नका आई, आणखी जाईल.

मी : पाणी आण कोमट. पिठाचे हात माझे, त्याचं तोंड माखलं. फादर, उद्या दारं उघडी ठेवा. डोली खिंडीत जाईल.

फादर : दोन्या तोमासा, वर काय होईल सांगता येत नाही.

मी : काही न होवो. मी पुढं चालेन. शेकोटीजवळ जाऊन उभी राहीन. ट्रकवाल्यांना बघू दे. आणि सेनोबियोला सांगा, डोलीचा उजवा दांडा त्याचा. नाही आला तर मी त्याच्या दारात येऊन बोलावीन, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलावीन.

फादर : तो येईल.

ओदिलिया : आई, आपण वर गेलो आणि तिकडं त्यांनी एव्हेलियोला काही केलं तर?

मी : मला माहीत नाही गं.

ओदिलिया : तुम्हाला माहीत नाही?

मी : नाही. मला काही माहीत नाही. आता तूच सांग. विचारतेय तुला. जायचं का वर?

ओदिलिया : ...जाऊ या.

मी : भीती वाटते?

ओदिलिया : हो.

मी : मला पण. शाल घे. कोरुंदा वाफेवर राहू दे, शेजारची लक्ष ठेवील. आधी देवळात जाऊन येऊ.

फादर : द्या माझ्याकडे, मी नेतो. उन्हाचं तुम्हाला चढायला...

मी : तुम्ही नाही. बांधलं मी, पोचवणार पण मीच. सरका दारातनं. चल रे बाळा. कुणाचं तरी लेकरू आज घरी पोचू दे.