‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्या वासिल्काबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे डीन प्राध्यापक ओग्न्यान व्लाइकोव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, रुसे शहरातून आवर्जून आलेले डॉक्टर मित्र, विद्यार्थी, आणि आज निवृत्त होणारी, जिच्यासाठी आपण सारे जमलो ती माझी मैत्रीण, डॉक्टर वासिल्का मुताफोवा, सर्वांना नेवेना बकालोवाचा नमस्कार.

निरोपाच्या भाषणात गोड बोलावं, असा रिवाज आहे. मी काल वासिल्काला विचारलंही, “अगं, तुझ्याबद्दल काही आशेचं सांगू का?” ती म्हणाली, “घडलं ते सांग. बाकी मेजवानीत बनित्सा खाताना बोला काय ते.”

तर घडलं ते सांगते.

सेरोटोनिन म्हटलं की लोकांना उदासीवरच्या गोळ्या आठवतात. वासिल्काला आठवायचा गर्भ. गर्भाचा मेंदू नुकता आकार घेत असतो, पेशी आपापल्या जागा शोधत असतात, मज्जातंतूंना कुठे पोहोचायचं हे ठरायचं असतं. त्या कामात सेरोटोनिन वाट दाखवतं. आणि इतक्या कोवळ्या मेंदूला ते पुरेसं कुठून मिळावं? निदान उंदरांत तरी, सुरुवातीला ते वार, म्हणजे प्लासेंटा, बनवते. आईच्या अन्नातून घेऊन बाळाला देते. केवढी माया, नाही का? पण ते फार झालं किंवा कमी पडलं, तर पिल्लांच्या मेंदूतला मिशांचा नकाशा, म्हणजे कुठल्या मिशीचा स्पर्श कुठे कळायचा तो, विस्कटतो. असे विस्कटलेले नकाशे वासिल्काने आयुष्यभर पाहिले.

त्या मेंदूंचे पातळ काप करायची रालित्सा. आपल्याच प्रयोगशाळेतली, हसरी, बंदरावरच्या प्लामेन मेकॅनिकची बायको. तिला उदासीचा जुना आजार होता, गोळ्यांवर बरी असायची. पोटुशी राहिली आणि एक दिवस सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाली, “बाई, माझी गोळी माझ्या बाळापर्यंत पोहोचते का हो?”

“पोहोचते,” वासिल्का म्हणाली.

“मग त्याचंही असंच होणार? या पिल्लांसारखं?”

“ठाऊक नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि तुझा आजार बाळापर्यंत पोहोचत नाही, असंही मी म्हणू शकत नाही. रालित्सा, ऐक माझं. तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही. कळलं?”

“कळलं, बाई.”

मी तिथेच होते. तिने मान डोलावली, आणि घरी जाऊन गोळ्या बंद केल्या. कुणाला पत्ताही लागू दिला नाही. चेहरा उतरला, जेवण सुटलं, विचारलं तर म्हणायची, “पोट वाढतंय ना? मग झालं तर!” मुलगी झाली, धडधाकट. बिल्याना नाव ठेवलं. आणि रालित्साने भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. उपचार पुन्हा सुरू झाले, पण उशीर झाला होता. त्या हिवाळ्यात ती डॅन्यूब नदीवर गेली. सापडली ती प्रवाहात पार खाली, सिलिस्त्रा गावाजवळ.

दफन उरकल्यावर प्लामेन प्रयोगशाळेत आला. टोपी हातात. “बाई, तिने गोळ्या सोडल्या नसत्या तर?”

“ती कदाचित वाचली असती.”

“आणि पोर?”

“ठाऊक नाही, प्लामेन.”

“तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हालाही ठाऊक नाही?”

वासिल्काने त्यानंतर याच एका प्रश्नाचा पिच्छा पुरवला. गर्भवतींची पाहणी सुरू केली. बायका यायच्या, घाबरायच्या, निघून जायच्या. ज्या टिकल्या त्यांच्यात औषधाचा परिणाम कुठला आणि आजाराचा कुठला, हे वेगळं काढता येईना. प्रत्येक निबंधाचा शेवट एकच: आणखी अभ्यास हवा. तो करणारं आता कुणी नाही. उंदरांचे पिंजरे गेल्या आठवड्यात गेले. त्या खोल्यांत टकलावर केस लावून देणारं केंद्र येतंय. डीनसाहेब, रागावू नका, तुमचाही नाइलाज आहे, मला माहीत आहे.

पुढचं मी प्लामेनच्या संमतीने सांगते. त्याने सांगायची परवानगी दिली, समारंभाला यायला मात्र नकार दिला. बिल्याना आता मोठी झाली आहे. या वसंतात ती अंथरुणातून उठेनाशी झाली. प्लामेन तिला वासिल्काकडे घेऊन आला. पोरीने विचारलं, “मावशी, मी अशी का आहे? आईच्या गोळ्यांमुळे, की तिने त्या सोडल्या म्हणून? की आई नव्हती म्हणून?”

वासिल्काने तिला जवळ बसवलं. मग म्हणाली, “ठाऊक नाही गं, बाळा. पण तुझ्यावर उपचार करता येतात.”

“ते आईलाही सांगितलं होतं ना तुम्ही?” पोर म्हणाली, आणि बापाचा हात धरून निघून गेली. तिने अजून औषध सुरू केलेलं नाही.

वासिल्का, तुझ्या जागी कुणी येणार नाही. तुझं काम पुढे चालू राहील असं म्हणायची पद्धत आहे, पण तू समोर बसली असताना मला ते म्हणवत नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. आनंदाच्या मेजवानीआधी असं बोलणं शोभलं नसेल, एखादा शब्द कुणाला लागला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. आणि एक विनंती. टाळ्या नकोत.