जमुनाबाईंना कोणी पळवलेले नाही

गोंदिया, ता. १२ फेब्रुवारी १९५८

नाव शकुंतलाबाई दुधराम कटरे. वय ६१ वर्षे. मुलींच्या सरकारी शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. लग्न केलेले नाही. राहणार सिव्हिल लाइन, गोंदिया, जिल्हा भंडारा.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझे शिक्षण नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये झाले व मला इंग्रजी चांगले येते. हे लिहिण्याची गरज नाही असे जबाब घेणाऱ्या जमादारसाहेबांचे मत आहे. परंतु सगळे प्रकरण माझ्या इंग्रजीवरूनच सुरू झाले, तेव्हा लिहून घ्यावे.

तेंदूपत्त्याचे व्यापारी चुन्नीलाल यांची तक्रार अशी की, त्यांची आई जमुनाबाई, वय ६६, यांना मी फूस लावून मोटारीत घालून नेले व लपवून ठेवले. जमुनाबाई सालेकशाला आपल्या धाकट्या बहिणीच्या घरी आहेत. हे मी ता. ९ रोजी, त्यांना पोचवले त्याच संध्याकाळी, चुन्नीलाल यांच्या पेढीवर स्वतः जाऊन सांगितले. लपवून ठेवणारा माणूस पत्ता द्यायला जात नाही.

जमुनाबाईंशी माझी ओळख अशी. चुन्नीलाल यांचे धाकटे भाऊ दुलीचंद लंडनला शिकतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटाचे ऑपरेशन ठरले व आईने तिकडे जायचा हट्ट धरला. तेंदूपत्त्याचा हंगाम सोडून चुन्नीलाल यांना निघता येईना. ते माझ्याकडे आले आणि तुम्हाला इंग्रजी येते, अम्मांसोबत तुम्ही जा, म्हणाले. ताकीद एकच दिली, अम्मांना एकट्या कुठे जाऊ द्यायचे नाही. त्यांच्या घरची रीत अशी की, बाई मोटारीत मागे बसते आणि घरचा पुरुष पुढे ड्रायव्हरशेजारी. पुरुष नसला तर मोटार निघत नाही. लग्न होऊन आल्यापासून जमुनाबाई अशाच फिरल्या. फिरल्या म्हणजे देवळात आणि लोकांच्या लग्नांना.

लंडनला दुलीचंद इस्पितळात होते. भेटायची वेळ दुपारची असे, सकाळ मोकळी. खोलीत बसून काय करता, ट्रॅफल्गार चौक तरी पाहून या, असे त्यांनीच सुचवले. मी टॅक्सी थांबवली, पण जमुनाबाई चढेनात. तिकडच्या टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी माणसाला जागाच नसते. तिथे सामान ठेवतात. ड्रायव्हरच्या मागे काच असते.

"पुढं कोन बसन? याच्यावर नजर कोन ठेवन?" असे त्यांनी मला विचारले. नजर ठेवण्यासारखे त्याच्यात काही नाही, बसा, असे मी म्हणाले. ड्रायव्हर म्हातारा होता, थांबून राहिला. शेवटी त्या बसल्या. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, हा तर वळूनबी पाहत नाही, आणि तोंडावरचा पदर मागे घेतला.

चौक कसा आहे हे जमादारसाहेब विचारतात, म्हणून सांगते. मधोमध उंच खांब, त्यावर त्यांच्या आरमाराचा सेनापती. खाली चार काळे सिंह, दोन कारंजी, आणि पाय ठेवायला जागा नाही इतकी कबुतरे. जमुनाबाईंना सेनापती पटला नाही. ज्याला मान द्यायचा त्याला इतक्या वर, उन्हापावसात, तोंडही दिसू नये असा काऊन ठेवला, असे त्यांचे म्हणणे. कबुतरांसाठी दाणे विकणारा होता, त्याच्याकडून त्यांनी दाणे घेतले, एक दाताखाली फोडून पाहिला आणि माल किडका आहे हे त्याला इंग्रजीत सांगायला लावले. मी सांगितले. त्याने बदलून दिले. नंतर त्या सिंहाच्या चौथऱ्याला टेकून बराच वेळ बसल्या. लोक समोरून जात होते.

"इथं मी कोनाची कोन, कोनाले ठाऊक नाही," असे त्या म्हणाल्या. त्यांना घरची आठवण झाली असे मला वाटले. तसे नव्हते.

एका फोटोवाल्याने न विचारता आमचा फोटो घेतला होता. मी त्याची कानउघाडणी करून वळले तो जमुनाबाई जागेवर नाहीत. दोन्ही कारंजी, चारही सिंह, मागच्या चित्रसंग्रहालयाच्या पायऱ्या, सगळे पाहिले. पांढऱ्या लुगड्यातली ठेंगणी बाई, असे वर्णन तिथल्या पोलिसाला दिले. त्या वेळी माझी अवस्था काय होती ते या जबाबात आवश्यक नाही.

खोलीवर आले तर जमुनाबाई चहा पीत होत्या. पत्त्याची चिठ्ठी त्यांच्या कनवटीला असे. हात वर करून त्यांनी टॅक्सी थांबवली, चिठ्ठी दाखवली आणि आल्या. मी पुष्कळ बोलले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"बहनजी, त्यानं कुठं जायचं तेवढंच विचारलं. कोनासंगं आली, असं नाही विचारलं," असे त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दुलीचंद बरे होईपर्यंत रोज सकाळी त्या टॅक्सीने चौकात एकट्या गेल्या व एकट्या परत आल्या. मी येते म्हटले तर नको म्हणत. तेव्हा फूस लावण्याचा प्रश्न असेल तर ती कोणी कोणाला लावली हे आधी ठरवावे लागेल.

परतीच्या बोटीवर त्यांनी मला रुख्मिणीबाईंचे सांगितले. रुख्मिणीबाई म्हणजे सालेकशाची बहीण. ती ऐन तरुणपणी विधवा झाली व तिने दुसरे लग्न केले. जमुनाबाईंच्या यजमानांनी त्या दिवसापासून तिचे तोंड पाहायचे नाही असे ठरवले. यजमान वारले, ठराव राहिला. गोंदियाहून सालेकसा पंचवीस मैल आहे. इतक्या लांब जाऊन आली मी, सालेकसा राहिलं, एवढे त्या म्हणाल्या. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

जानेवारीत निरोप आला की रुख्मिणीबाई अंथरुणावर आहेत व आता उठण्याचे लक्षण नाही. सालेकशाला जाण्याची परवानगी जमुनाबाईंनी मुलाकडे मागितली. बाबूजींचा शब्द कसा मोडू, जातीत तोंड कसे दाखवू, असे चुन्नीलाल म्हणाले. हे जमुनाबाईंनी मला सांगितले. चुन्नीलाल इथेच ठाण्यात बाकावर बसले आहेत व त्यांनी ते नाकारलेले नाही.

या महिन्याच्या ता. ९ रोजी सकाळी जमुनाबाई पायी स्टेशनवर गेल्या व मुन्नालालच्या भाड्याच्या मोटारीत जाऊन बसल्या. आगगाडीने गेल्या नाहीत, कारण फलाटावर चुन्नीलाल यांचे मुनीम असतात. मुन्नालालने त्यांना ओळखले. संगं कोन आहे, असे त्याने विचारले व कोणी नाही म्हटल्यावर गाडी सुरू करीना. मी त्याला दोष देत नाही. त्याला याच गावात पोट भरायचे आहे. निदान बहनजींच्या घरापर्यंत चल, असे म्हणून त्यांनी त्याला माझ्या दारात आणले.

मुन्नालाल मला म्हणाला, "घरचा मानूस पुढं बसल्याबिगर मी नेनार नाही. शेठजी मले स्टेशनावर उभं राहू देनार नाही."

मी घराला कुलूप लावले आणि पुढे त्याच्या शेजारी बसले. घरचा माणूस मी आहे असे समज आणि चल, असे सांगितले. तक्रारीत ज्याला मोटारीत घालून नेणे म्हटले आहे ते हेच. मोटारीत त्या माझ्या आधीपासून बसलेल्या होत्या.

दुपारच्या आत आम्ही सालेकशाला पोचलो. घर दोन खोल्यांचे आहे. रुख्मिणीबाई आत खाटेवर होत्या. जमुनाबाई आत गेल्या, मी अंगणात थांबले. आत काय बोलणे झाले ते मी ऐकलेले नाही, म्हणून सांगत नाही. नंतर जमुनाबाई दारात आल्या, मी इथं राहीन, तुम्ही जा, म्हणाल्या. मी त्याच मोटारीने परत आले व पेढीवर गेले, ते वर आलेच आहे.

जबाब इथपर्यंत झाला असता मुन्नालाल ठाण्यात आला. जमुनाबाईंना घेऊन येण्यासाठी आज सकाळी ठाण्यातून एक शिपाई त्याच्या मोटारीने पाठवला होता. दोघे रिकामे परत आले. जमुनाबाईंचा निरोप मुन्नालालने सर्वांसमोर सांगितला, तो माझ्या आग्रहावरून त्याच शब्दांत लिहून घेतला आहे:

"चुन्नीले सांगजो, तुले देवी निघाल्या तवा मी बाळंतीन होती. मले जवळ येऊ देत नव्हते. रुख्मिणी तुले मांडीवर घेऊन बसली होती. आता ते पडली आहे त मी बसून राहिली. तुले यायचं असन त ये. पोलीस पाठवू नको, घर लहान आहे."

चुन्नीलाल यांच्या तोंडावर देवीचे वण आहेत. ते खाली पाहत बसले. जमादारसाहेबांनी पुढे काय करायचे असे त्यांना दोनदा विचारले. मग चुन्नीलाल यांनी मला विचारले, "बहनजी, मौसी काय खाते?"

भाताची पेज जाते, तीही पातळ, असे मी अंगणात घरच्यांकडून ऐकले होते ते सांगितले.

ते उठून बाहेर गेले. तक्रारीवर त्यांची सही व्हायची होती, म्हणून शिपाई कागद घेऊन मागोमाग गेला. तोवर मुन्नालालची मोटार त्यांना घेऊन फाटकाबाहेर पडली होती.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. मी खाली सही करते. तक्रारदारांची सही ते परत आले म्हणजे घ्यावी. आज येतील असे मला वाटत नाही.

(सही) शकुंतलाबाई दु. कटरे